जी-सिक्स-पीडी : एका चाचणीची कुळकथा

भायखळ्याच्या पूर्वेला, राणीच्या बागेच्या आसपास, रुस्तम बाग आहे, जेर बाग आहे, मसीना हॉस्पिटल आहे. पुलापलीकडे सर जमशेदजी जीजीभाईंच्या देणगीतून १८४५ साली उभं राहिलेलं जे. जे. आहे. पारशी समाजाने मुंबईच्या वैद्यकाला काय दिलं हे सांगताना या इमारतींची नावं घेतली जातात. त्या यादीत आणखी एक गोष्ट असायला हवी. या समाजातल्या माणसांनी स्वतःचं रक्त तपासायला दिलं आणि त्यातून साऱ्या देशाला उपयोगी पडणारी एक माहिती हाती लागली. ती ज्या विकराची आहे, त्याचं पूर्ण नाव ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज. रिपोर्टवर छापतात जी-सिक्स-पीडी.

आधी हे विकर काय करतं ते पाहू. रक्तातली तांबडी पेशी परिपक्व होताना आपलं केंद्रक टाकून देते, ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकाही टाकून देते. पुढचे सुमारे १२० दिवस तिला फक्त साखरेवर काढायचे असतात. ही साखर दोन वाटांनी जाते. मोठी वाट हेक्झोकायनेज, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज आणि पायरुवेट कायनेज या विकरांच्या ताब्यात असते आणि तिच्यातून पेशीला ऊर्जा मिळते. दुसरी आडवाट. एरवी जेमतेम दहा टक्के साखर तिकडे वळते. या आडवाटेच्या तोंडाशी जी-सिक्स-पीडी बसलेलं असतं. तिथून एनएडीपीएच नावाचं द्रव्य तयार होतं, ते ग्लुटाथायोनला ताजं ठेवतं, आणि ग्लुटाथायोन हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या माऱ्यापासून वाचवतं. इतर पेशींकडे हे द्रव्य तयार करण्याचे आणखी मार्ग असतात. तांबड्या पेशीकडे हा एकच. म्हणून हे विकर अधू असलेला माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत असतो. एखादं औषध किंवा जंतुसंसर्ग हा मारा वाढवतो, तेव्हा मात्र पेशी फुटू लागतात, डोळे पिवळे होतात आणि लघवी काळ्या चहासारखी होते.

या विकराचा शोध कसा लागला हे शोधत मागे गेलं की आपण एका निळ्या रंगापाशी पोचतो. १८९१ मध्ये बर्लिनमध्ये पाउल एर्लिख आणि पाउल गुटमन यांनी मेथिलीन ब्लू हा कापडाचा रंग हिवतापाच्या रुग्णांना औषध म्हणून दिला. त्या रंगाच्या रेणूत फेरफार करत बायरच्या रसायनतज्ज्ञांनी १९२० च्या दशकात पामाक्विन तयार केलं. औषध गुणकारी होतं, पण काही थोड्या रुग्णांचं रक्त त्याने फुटायचं, आणि का, ते कुणालाच सांगता येईना. त्याच दशकाच्या अखेरीस अमेरिकेत हॅरॉप आणि बॅरन यांना दिसलं की मेथिलीन ब्लू घातला की तांबड्या पेशी अधिक ऑक्सिजन घेऊ लागतात. बर्लिनचे ओटो वारबुर्ग हा धागा धरून पुढे गेले आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी नेमकं हे विकर हुडकलं. एका टोकाला आजार होता, दुसऱ्या टोकाला विकर. दोन्हींचा संबंध जुळायला आणखी पंचवीसेक वर्षं जावी लागली.

तो जुळला अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या स्टेटव्हिल तुरुंगात, आणि कुळकथेतलं हे पान अभिमानाने वाचण्यासारखं नाही. दुसऱ्या महायुद्धापासून तिथल्या कैद्यांना मुद्दाम हिवताप देऊन औषधं तपासली जात होती. कोठडीतल्या माणसाची संमती किती खरी मानायची, हा प्रश्न तेव्हा फार कुणी विचारला नाही. तो विचारायलाच हवा होता. पामाक्विनच्या जागी आलेलं प्रायमाक्विन काही कैद्यांना, विशेषतः आफ्रिकी वंशाच्या कैद्यांना, बाधलं. मग संशोधकांनी अशा एका माणसाच्या पेशींना किरणोत्सारी क्रोमियमची खूण लावली, त्या निरोगी माणसाच्या शरीरात सोडल्या आणि त्याला प्रायमाक्विन दिलं. पाहुण्या पेशी तेवढ्या फुटल्या, यजमानाच्या शाबूत राहिल्या. म्हणजे दोष पेशीतच होता. १९५६ मध्ये पॉल कार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो दोष जी-सिक्स-पीडीचा असल्याचं दाखवलं.

त्यानंतर पाचच वर्षांत हा विषय परळला पोचला. टाटा मेमोरियलच्या शेजारी इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर होतं. डॉ. वसंत खानोलकर आणि एल. डी. संघवी यांनी १९४९ मध्येच मुंबईतल्या सहा समाजांच्या आनुवंशिक लक्षणांची तुलना प्रसिद्ध केली होती, त्यामुळे आपापसांत लग्न करणाऱ्या समाजांचं रक्त कसं वाचायचं याचा सराव या मंडळींना होता. बक्षी, बालकृष्णन आणि संघवी यांनी १९६१ मध्ये मुंबईतल्या नमुन्यांमधली या विकराची कमतरता नोंदवली. १९६३ मध्ये उंडेविया यांच्यासह त्यांचा पारशी समाजावरचा स्वतंत्र अभ्यास आला. शंभर पारशी पुरुषांत साधारण पंधरा जणांमध्ये ही कमतरता होती. तिचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून आईकडून मुलाकडे येताना ती उघड दिसते. पारशांमध्ये जो प्रकार प्रामुख्याने आढळतो, तो भूमध्य समुद्राभोवतीच्या लोकांतही आहे. त्याचं नावच जी-सिक्स-पीडी मेडिटरेनियन.

मात्र हा फक्त पारशांचा आजार, असा समज करून घेणं धोक्याचं आहे. १९८४ मध्ये इश्वद आणि नाईक यांनी एका कोळी कुटुंबात नवा प्रकार नोंदवला आणि त्याला नाव दिलं जी-सिक्स-पीडी कल्याण. आपल्या लोकलच्या पाटीवरचं नाव जगाच्या वैद्यकीय कोशात गेलं. १९९२ मध्ये जनुकाची अक्षरं वाचली गेली, तेव्हा कल्याण आणि त्याआधी नोंदलेला केरळ हे दोन्ही एकाच बदलातून आलेले निघाले. तेव्हापासून दोघांचं जोडनाव झालं, केरळ-कल्याण. आदिवासी समाजांत ओडिशा हा तिसरा प्रकार अधिक सापडतो. केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेने दाखवून दिलं की भारतातल्या अशा रुग्णांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जण या तीन प्रकारांत बसतात. जिथे हिवताप पिढ्यान् पिढ्या होता तिथेच ही कमतरता टिकून राहिली, कारण ती हिवतापाच्या गंभीर रूपापासून काहीसं संरक्षण देते.

चाचणी साधी आहे. रक्ताचा थेंब रसायनात मिसळतात, थोडा वेळ उबेत ठेवतात, गाळणकागदावर त्याचा ठिपका देतात आणि अंधारात अतिनील दिव्याखाली धरतात. विकर असेल तर ठिपका निळसर चमकतो, नसेल तर काळाच राहतो. अर्नेस्ट बॉयटलर यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत बसवली. तिच्यात एक मेख आहे आणि ती घरच्यांनीही लक्षात ठेवावी. पेशी जसजशी म्हातारी होते, तसतसं तिच्यातलं विकर घटत जातं. रक्त फुटण्याच्या झटक्यात म्हाताऱ्या पेशी आधी जातात, तरुण तेवढ्या उरतात. त्यामुळे झटक्यानंतर लगेच केलेली चाचणी फसवी नॉर्मल येऊ शकते. ती दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करावी.

नवजात बाळांच्या बाबतीत तर हयगय नकोच. अशा बाळाची कावीळ झपाट्याने चढू शकते आणि मेंदूपर्यंत पोचली तर नुकसान भरून येत नाही. आपल्याकडे वरच्या बाळाची दुपटी, झबली, टोपडी डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवायची आणि धाकट्याच्या वेळी काढायची, ही घरोघरची रीत. त्या गोळ्यांतल्या नॅफ्थलिनच्या वाफेनेही या बाळांचं रक्त फुटतं, हे १९५० च्या दशकापासून माहीत आहे. बाळंतविडा डांबराच्या गोळ्यांशिवाय ठेवा.

पावसाळ्यात मुंबईत व्हायवॅक्स हिवतापाचे रुग्ण वाढतात. यकृतात दडून बसलेले जंतू मारण्यासाठी डॉक्टर चौदा दिवसांचं प्रायमाक्विन लिहून देतात. ते औषध हवंच, पण पहिली गोळी घेण्याआधी जी-सिक्स-पीडीची चाचणी झाली आहे का, हे विचारा. कुष्ठरोगावरचं डॅप्सोन सुरू करण्याआधीही विचारा. घरात कुणाला ही कमतरता असेल तर सख्ख्या भावंडांची, मावशीच्या मुलांची चाचणी करून घ्या, आणि निकाल प्रत्येकाच्या फाइलच्या पहिल्याच पानावर ठळक लिहून ठेवा.