उष्णतेचा ताळेबंद आणि पाटण तालुक्यातील दगडी घर : एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
इमारतीतील ऊर्जेचा अभ्यास आज संगणकीय प्रतिरूपणाच्या, म्हणजेच सिम्युलेशनच्या साहाय्याने केला जातो. त्यातून हाती येणारा उष्णतेचा ताळेबंद कसा वाचावा, हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा नसून इतिहासाचाही आहे. प्रस्तुत लेखात सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

पद्धतीची वाटचाल :
घन पदार्थातील उष्णतावहनाचे गणित फ्रेंच गणितज्ञ फूरिये यांनी १८२२ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. बदलत्या हवामानात भिंतीतून तासागणिक किती उष्णता आत येते, हे संगणकावर काढण्याची सुलभ रीत कॅनडातील स्टीफन्सन व मिटालस यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे २००१ मध्ये अमेरिकेत उपलब्ध झालेली एनर्जीप्लस ही संगणकप्रणाली उष्णतेच्या ताळेबंदावरच उभी आहे.

१९६७ चा भूकंप :
त्याच वर्षी, ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयना परिसरात भूकंप झाला. त्यात सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली आणि कोयनानगर व आसपासच्या गावांतील दगडमातीची असंख्य घरे कोसळली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतीचे आतील व बाहेरील थर धक्क्याने विलग होतात आणि छपराचा भार खाली येतो. अशा घरांच्या पडझडीचे हे एक प्रमुख कारण होय.

ताळेबंदाचे वाचन :
घर थंड राखणारी भिंतही हीच. ४५० मिलिमीटर जाडीची एकसंध काळ्या दगडाची भिंत गृहीत धरल्यास बाहेरील तापमानाचा दैनिक चढउतार आतल्या बाजूस पोहोचण्यास सुमारे १० ते ११ तास लागतात. उघड्या पत्र्यातून तो जवळजवळ तत्काळ पोहोचतो. मात्र महिन्याच्या ताळेबंदात भिंतीसमोरचा आकडा लहान दिसू शकतो. कारण एका वेळी आत आलेली व दुसऱ्या वेळी बाहेर गेलेली उष्णता परस्परांत वजा होते. त्यावरून भिंतीचे कार्य नगण्य ठरविणे चुकीचे आहे. त्यासाठी तासागणिक आकडे पाहावे लागतात. तसेच, कौलांच्या फटींतून खेळणारी हवा कमी धरली तरी जमाखर्च जुळतोच. ताळेबंद जुळणे म्हणजे बेरीज बरोबर असणे. गृहीतके खरी असणे नव्हे.

निष्कर्ष :
या ताळेबंदात भूकंपासाठी रकाना नाही. १९९३ च्या भारतीय मानक १३८२८ ने दगडी भिंतीची जाडी ४५० मिलिमीटरपर्यंत मर्यादित केली आणि भिंतीच्या आरपार जाणाऱ्या दगडांची तरतूद सुचविली. केवळ उष्णतेचा विचार करून भिंत अधिक जाड करण्याचा सल्ला पाटणसारख्या भागात म्हणूनच घातक ठरेल. उन्हाळ्यात माध्यान्हीचे ऊन मुख्यतः छपरावर पडते. तेव्हा सुधारणेचा प्रारंभ तेथूनच व्हावा. आकड्यांचा अर्थ लावताना त्या भूमीचा इतिहासही जमेस धरला पाहिजे.