हवेचा लॉक की विजेचा? डिफरन्शियलच्या कुलुपाची कथा

चारही चाकांना इंजिनाची शक्ती पोहोचविणारी गाडी चिखलात अडते, तेव्हा बहुधा एक चाक गरगर फिरत असते आणि त्याच्या जोडीचे चाक ढिम्म हलत नाही. हा दोष नव्हे. यंत्र नेमून दिलेलेच काम करीत असते.

त्या यंत्राचे नाव डिफरन्शियल. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्याला जखडली, तर टायर घासतात आणि गाडी वळायला कुरकुरते. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच कारागिराने १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी यावर दातेचक्रांचा उपाय योजला. १८७७ साली इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्लीने तीच कल्पना तीनचाकी सायकलीला लावली. पुढे मोटारीने ती जशीच्या तशी उचलली.

परंतु या उपायातच अडचण दडलेली होती. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देते, आणि तो किती, हे सर्वांत कमी पकड असलेले चाक ठरविते. एक चाक अधांतरी गेले की त्याला फिरविण्यास जोर लागतच नाही. मग खडकावर घट्ट टेकलेल्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळपास शून्य, जोर मिळतो. दुसऱ्या महायुद्धातील विलीस जीपचीही दोन्ही डिफरन्शियल अशी साधीच होती. पुढच्या एक्सलचे एक चाक आणि मागच्याचे विरुद्ध बाजूचे एक चाक उचलले गेले की ती पराक्रमी जीपसुद्धा जागीच थांबे.

उपाय उघड होता : गरजेपुरते डिफरन्शियल बांधून टाकावे आणि काम होताच मोकळे करावे. अमेरिकेतील ‘डेट्रॉइट लॉकर’सारखी आपोआप जुळणारी यंत्रे होती; पण ती चालकाला विचारीत नसत. डांबरी रस्त्यावरही आपली उपस्थिती खडखडाटाने जाणवून देत. चालकाच्या इच्छेने लागणारा लॉक हवा होता. प्रश्न एवढाच, की फिरत्या एक्सलच्या पोटात, तेलात बुडालेल्या दात्यांपर्यंत चालकाची आज्ञा न्यावी कशी?

ऑस्ट्रेलियाने उत्तर दिले : हवेने. मेलबर्नमध्ये १९७५ साली अँथनी रोनाल्ड ब्राउन यांनी स्थापिलेली ‘एआरबी’ आरंभी गाड्यांचे लोखंडी बंपर बनवीत असे. १९८७ साली तिने ‘रॉबर्ट्स डिफ-लॉक’ या यंत्राचे हक्क घेतले व त्यातून ‘एअर लॉकर’ घडविला. बटण दाबताच कॉम्प्रेसरची हवा बारीक नळीतून एक्सलमध्ये शिरते, दट्ट्या सरकतो आणि दाते गुंततात. हवा सोडली की स्प्रिंग त्यांना मागे ढकलते. त्या देशाला हे पटण्याचे कारण केवळ यांत्रिक नव्हते. वाळूत शिरण्यापूर्वी टायरमधली हवा कमी करावी लागते आणि पक्क्या रस्त्यावर आल्यावर ती पुन्हा भरावी लागते. कॉम्प्रेसर बाळगायचाच, तर त्याच्याकडून दोन कामे का करवून घेऊ नयेत? जवळचे गॅरेज शेकडो किलोमीटर दूर असताना हा हिशेब क्षुल्लक नसतो.

जपानने दुसरी वाट धरली. १९९० च्या सुमारास आलेल्या टोयोटाच्या ८० मालिकेतील लँड क्रूझरला कारखान्यातूनच विजेचे लॉक मिळू लागले. एक्सलवर बसविलेली छोटी मोटर एक काटा सरकवी. याहून निराळा विजेचा प्रकार अमेरिकेच्या ‘ईटन’ने रूढ केला : त्यात विद्युतचुंबक दाते गुंतवितो.

या दोन विजेच्या लॉकांना एकाच मापाने मोजणे ही सर्रास होणारी गल्लत. चुंबकाचा प्रवाह तुटला की लॉक सुटतो. हवेची नळी फुटली तरी तेच. टोयोटाची मोटर मात्र जेथे थांबली, तेथेच काटा राहतो. पाण्याने गंजून ती लॉक लागलेल्या स्थितीत अडकली, तर पुढचा एक्सल बांधलेलाच राहतो आणि गाडी वळणे नाकारते. ही मोटर वापराविना पडून राहिली तर जाम होते, हे तिच्या जुन्या मालकांना चांगले ठाऊक आहे. हवेच्या लॉकचे दुखणे वेगळे : झिजलेल्या सीलमधून हवा एक्सलमध्ये गळते किंवा तेल नळीत चढते. नळी तुटली तर वाटेतच जोडता येते. सील बदलण्यासाठी मात्र सारे डिफरन्शियल बाहेर काढावे लागते.

ताकदीचा वाद यात जवळपास गैरलागू आहे. गुंतलेले दाते पोलादाचेच. त्यांना कोणी ढकलले, हे त्यांना कळत नाही.

या निवडीचा सर्वांत बोलका दाखला अमेरिकी जीपने दिला. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतातल्या खडकाळ वाटेवरून नाव घेतलेली ‘रँग्लर रुबिकॉन’ २००३ च्या मॉडेलपासून आली, ती दोन्ही एक्सलना हवेचे लॉक घेऊन. २००७ च्या नव्या पिढीत त्याच रुबिकॉनला विजेचे लॉक बसले. कारखान्याच्या दृष्टीने पाहिले तर हे साहजिकच वाटते. गाडीत तारांचे जाळे आधीच असते, पंप व नळ्या टळतात, आणि वेग अधिक असता लॉक लागूच नये अशी अट संगणकाला घालणे सोपे जाते. जुनी गाडी हाती घेऊन स्वतः सजविणाऱ्याचा हिशेब याच्या उलट. त्याला आपल्या एक्सलला बसणारा लॉक हवा असतो, आणि टायरसाठी हवाही लागतेच.

भारतात महिंद्राने २०२४ सालच्या थार रॉक्सच्या फोर व्हील ड्राइव्ह आवृत्तीत मागच्या एक्सलला विजेचा लॉक दिला. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा गाडीत मात्र हवाही नाही आणि वीजही नाही : पुढच्या व मागच्या लॉकसाठी चालकाच्या हाताशी साधे दांडे आहेत.