अध्यापनाचे परस्पर निरीक्षण

विद्यापीठातील एका अध्यापकाने दुसऱ्याच्या तासाला बसावे आणि पाहिलेल्यावर नंतर त्याच्याशीच बोलावे, अशी पद्धत. शाळातपासणीशी तिची गल्लत होऊ नये. येथे पाहणारा बहुधा बरोबरीचा असतो, आणि पुढच्या खेपेस भूमिका उलटतात. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत ‘पिअर टीम’ म्हटले की नॅक या उच्चशिक्षण-मूल्यांकन संस्थेची (स्थापना १९९४) भेट आणि फायलींचे ढीग आठवतात. ती तपासणी मात्र संपूर्ण संस्थेची असते.

संशोधन सहकाऱ्यांच्या नजरेखालून जाते, पण अध्यापन बंद दाराआड राहते, ही विसंगती अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९९३ मध्ये मांडली. ब्रिटनमध्ये त्याच दशकात बाहेरून होणाऱ्या गुणवत्ता-तपासणीच्या रेट्याने ही पद्धत पसरली, त्यामुळे तिच्याकडे संशयानेही पाहिले गेले. डेव्हिड गॉस्लिंग यांनी २००२ मध्ये तिचे तीन प्रकार केले: वरिष्ठांनी करायचे मूल्यमापन, अध्यापनतज्ज्ञांचे मार्गदर्शन आणि बरोबरीच्यांचे परस्पर निरीक्षण.

पहिल्याची सावली तिसऱ्यावर पडू न देणे, हे उपक्रम चालवणाऱ्या समन्वयकाचे खरे काम. टिपण ज्याचा तास पाहिला त्याच्याकडेच राहावे. विभागप्रमुखाला निरीक्षण झाले एवढेच कळावे. बढतीच्या कागदांत ते शिरले की सगळे अभिप्राय गोड होतात. जोड्या लावण्याआधी समन्वयकाने स्वतःचा तास इतरांना खुला केला, तर निम्मा संकोच तिथेच ओसरतो.

तासाआधी दोघे बोलतात; काय पाहायचे ते शिकवणारा ठरवतो. मागच्या बाकांपर्यंत प्रश्न पोहोचतात का, उत्तरासाठी थांबणे पुरेसे होते का, अशा नेमक्या गोष्टी. पाहणारा ‘छान’ किंवा ‘कंटाळवाणे’ न लिहिता घडले ते टिपतो. विज्ञानवर्गांसाठी ब्रिटिश कोलंबिया व मेन या विद्यापीठांतील संशोधकांनी २०१३ मध्ये ‘कोपस’ हा तक्ता प्रसिद्ध केला. नोबेल-विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन त्यांपैकी एक. त्यात दर २ मिनिटांनी विद्यार्थी व अध्यापक काय करत आहेत याची खूण करतात. तासातला किती वेळ वर्ग नुसता ऐकत बसला होता, हे त्यावरून उमगते.

पाहणारा त्याच विषयाचा असावा का, यावर मतभेद आहेत. आशयातली चूक विषय जाणणाराच पकडतो. पण स्पष्टीकरण कुठे तुटले, हे इतिहासाच्या अध्यापकाला रसायनशास्त्राच्या तासात लवकर जाणवते, कारण तिथे तोही विद्यार्थ्यांइतकाच अडतो.