शनिवारचं टपाल कुणासाठी?

१३ एप्रिल १९५७. त्या शनिवारी अमेरिकेत घरोघरी टपाल आलंच नाही. बर्फ पडला नव्हता, संप नव्हता, युद्धही नव्हतं. पोस्टमास्टर जनरल आर्थर समरफील्ड यांनी काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे, जादा पैसे मागितले होते. ते वेळेत मिळाले नाहीत, तेव्हा त्यांनी देशभरातला शनिवारचा बटवडाच बंद करून टाकला. (टपाल घरपोच वाटण्याला आपल्याकडच्या पोस्टात बटवडा म्हणतात. शब्द जुना आहे, पण नेमका आहे.) काही दिवसांतच काँग्रेसने पैसे मंजूर केले आणि पुढच्या शनिवारी पोस्टमन पुन्हा दारात हजर झाला.

म्हणजे अमेरिकेचं टपाल आठवड्यातून पाच दिवसांवर आलं, ते फक्त एका शनिवारपुरतं. प्रश्न मात्र तेव्हापासून मिटलेला नाही. लोकांना शनिवारी टपालाची खरंच गरज आहे का?

मी गेली काही वर्षं न्यू जर्सीत राहतो. इथे टपाल खात्याची एक सोय आहे, 'इन्फॉर्म्ड डिलिव्हरी' नावाची. पेटीत आज काय पडणार आहे, त्या पाकिटांचे फोटो सकाळीच ईमेलवर येतात. त्यामुळे मोजदाद सोपी होती. सलग आठ शनिवार मी मोजलं. एकूण ३१ नग आले. त्यातले २६ जाहिरातींचे: पिझ्झाची कुपनं, दातांचा दवाखाना, गाडीचा विमा. चार बिलं होती आणि ती मी फोनवरून आधीच भरलेली होती. उरला एक लिफाफा. त्यात माझ्या खोलीतल्या मित्राचं सोशल सिक्युरिटी कार्ड होतं. आपल्या आधारसारखं इथे या नंबरावाचून पान हलत नाही, आणि ते कार्ड साध्या टपालानेच येतं. मित्र महिनाभर रोज पेटी उघडून बघत होता.

आता या हिशोबाचा अर्थ काय लावायचा? ३१ पैकी ३० नग सोमवारी आले असते तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. शनिवार बंद करा म्हणणारे याच ३० नगांकडे बोट दाखवतात, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण टपालाचा इतिहास वाचताना मला वाटत गेलं, की हा वाद पाकिटं मोजून कधीच सुटला नाही. तो दर वेळी दोन माणसांवर येऊन थांबला: एक वाट बघणारा आणि दुसरा चालणारा.

त्यासाठी आधी रविवारची गोष्ट सांगायला हवी, कारण भांडण रविवारवरूनच सुरू झालं.

पेनसिल्व्हेनियातल्या वॉशिंग्टन नावाच्या गावात ह्यू वायली हे पोस्टमास्तर होते. ते प्रेस्बिटेरियन चर्चमधले मानकरीही होते. आसपासचे लोक रविवारी चर्चला गावात येत, तेव्हाच आपली पत्रंही मागत. वायली पोस्ट उघडून ती देत. चर्चला हे पटलं नाही. पवित्र दिवशी धंदा करतो म्हणून त्यांच्यावर धार्मिक कारवाई झाली. सरकारने मात्र उलट बाजू घेतली. १८१० मध्ये काँग्रेसने कायदाच केला, की पोस्टमास्तरांनी आठवड्याच्या प्रत्येक दिवशी, योग्य वेळी, मागेल त्याला त्याचं टपाल द्यावं.

यावर देशभरातून अर्जांचा पाऊस पडला. धर्मगुरू म्हणत, रविवारी पोस्ट बंद ठेवा. व्यापारी म्हणत, बाजारभाव आणि हुंड्या रविवारी अडून राहिल्या तर आमचं नुकसान. १८२९ मध्ये केंटकीचे सिनेटर रिचर्ड जॉन्सन यांनी आपल्या अहवालात या अर्जांना उत्तर दिलं. कोणता दिवस पवित्र हे ठरवणं कायदेमंडळाचं काम नव्हे, असा त्याचा आशय होता. पुढे हेच जॉन्सन उपराष्ट्राध्यक्ष झाले.

मोफत घरपोच बटवडा तोवर सुरूच झाला नव्हता. बहुतेक लोक पोस्टात जाऊन पत्र आणत. १ जुलै १८६३ पासून मोठ्या शहरांत पोस्टमन मोफत घरी येऊ लागला. खेड्यांत ही सोय प्रयोग म्हणून १८९६ मध्ये आली आणि १९०२ मध्ये कायम झाली. रविवारी मात्र जुनीच पद्धत चालू होती. पोस्ट थोडा वेळ उघडे आणि लोक रांग लावून पत्रं नेत.

हा रविवार शेवटी बंद झाला तो १९१२ मध्ये. शंभर वर्षं धर्मगुरूंना एकट्याने जे जमलं नव्हतं, ते त्यांना टपाल कारकुनांची साथ मिळाल्यावर जमलं. कारकुनांना धर्मशास्त्राशी देणंघेणं नव्हतं. त्यांना आठवड्यातला एक दिवस घरी हवा होता. २४ ऑगस्ट १९१२ च्या कायद्याने मोठ्या टपाल कचेऱ्यांतून रविवारी लोकांना टपाल देणं थांबलं. फक्त तातडीच्या, जादा हशील भरलेल्या टपालाला सूट राहिली.

आपल्याला ही मागणी अनोळखी नाही. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुटी १८८४ पासून मागितली आणि १० जून १८९० रोजी ती मिळाली. अमेरिकेतल्या टपाल कारकुनांच्या बावीस वर्षं आधी. दोन्हीकडे रविवारची सुटी कुणी आपण होऊन दिलेली नव्हती, ती मागून मिळवलेली होती.

१९१२ च्या त्या कायद्यात आणखी एक तरतूद होती, आणि ती आजच्या गोष्टीच्या मुळाशी आहे. त्याच कायद्याने पार्सल पोस्ट मंजूर केलं. तोवर जड पार्सलं खासगी कंपन्या नेत असत. १ जानेवारी १९१३ पासून टपाल खातं ती नेऊ लागलं. म्हणजे ज्या कागदाने रविवार बंद केला, त्याच कागदाने पार्सलाला दार उघडलं. ते पार्सल पुढे काय करणार आहे, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी असण्याचं कारण नव्हतं.

त्यानंतर टपालाचं आकुंचन हळूहळू होत गेलं. १९५० पर्यंत अमेरिकी शहरांतल्या घरांत दिवसातून दोनदा टपाल येई. त्या वर्षी एप्रिलमध्ये पोस्टमास्टर जनरल जेसी डोनाल्डसन यांनी ते एकावर आणलं. ओरड झाली, मग सवय झाली. शेजारच्या कॅनडाने १९६९ मध्ये शनिवारचा बटवडा थांबवला. तो देश काही कोसळला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण शनिवार गेला की सगळं संपलं, असं म्हणणाऱ्यांनी कॅनडाकडेही बघायला हवं.

अमेरिकेत मात्र काँग्रेसने १९८० च्या दशकापासून दर वर्षीच्या खर्चाच्या कायद्यात एक ओळ घालायला सुरुवात केली: सहा दिवसांचा बटवडा चालूच राहील. गंमत अशी, की तोवर टपाल खातं स्वतःच्या कमाईवर चालू लागलं होतं. पैसे खात्याने मिळवायचे आणि दिवस काँग्रेसने ठरवायचे.

पत्रं भरपूर होती तोवर हे निभावलं. २००१ मध्ये पहिल्या वर्गाची, म्हणजे पत्रं आणि बिलं अशी पाकिटं, सुमारे १०३ अब्ज होती. २०२४ मध्ये ती ४४ अब्जांवर आली. त्यात २००६ च्या कायद्याने खात्यावर आणखी एक ओझं टाकलं. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या भावी आरोग्य खर्चासाठी दर वर्षी साधारण साडेपाच अब्ज डॉलर आगाऊ बाजूला काढायचे. तोट्याचे आकडे फुगले, आणि सगळ्यांची नजर पुन्हा शनिवारकडे वळली.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी पोस्टमास्टर जनरल पॅट्रिक डोनाहो यांनी जाहीर केलं, की ऑगस्टपासून शनिवारी पत्रं वाटली जाणार नाहीत. वर्षाला सुमारे दोन अब्ज डॉलर वाचतील. मतचाचण्यांत बहुसंख्य लोक याला तयार होते. विरोध करणारे थोडे होते, पण त्यांची कारणं ठोस होती. खेड्यांतली साप्ताहिकं टपालानेच वाचकांपर्यंत जात. शनिवारचा अंक सोमवारी गेला तर त्यातली आठवडी बाजाराची जाहिरात शिळी. अमेरिकेत बऱ्याच सुट्या सोमवारी असतात. शनिवार गेला तर अशा आठवड्यांत शुक्रवारनंतर थेट मंगळवारीच टपाल. आणि राष्ट्रीय निवडणूक मंगळवारी असते. टपालाने मतपत्रिका पाठवणाऱ्यांना आधीचा शनिवार फार मोलाचा.

या योजनेत एक अपवाद होता. पार्सलं आणि टपालाने येणारी औषधं शनिवारीही पोचवली जाणार होती. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्य सेवेतली बहुतेक औषधं टपालाने घरी जातात. त्यांना दोन दिवस थांबा म्हणायची कुणाची तयारी नव्हती. पण मग प्रश्न उरतो: औषधं आणि पार्सलं घेऊन गाडी शनिवारी गल्लीत येणारच असेल, तर त्याच गाडीतून पत्रं न आणून वाचवायचं किती? काँग्रेसने मार्चमध्ये ती जुनी ओळ पुन्हा मंजूर केली आणि १० एप्रिलला खात्याने माघार घेतली. २०२२ मध्ये तर पत्रं आणि पार्सलं एकत्र, आठवड्यातून किमान सहा दिवस वाटायची, असं कायद्यातच कायमचं लिहिलं गेलं. आगाऊ पैसे काढण्याची सक्तीही त्याच कायद्याने गेली.

शनिवार वाचला तो असा, पार्सलाच्या पाठीवर बसून. पण त्याच २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये आणखी एक घटना घडली आणि तिच्यावर फारसं कुणी भांडलं नाही. अ‍ॅमेझॉनशी करार करून टपाल खात्याने न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमध्ये रविवारी पार्सलं वाटायला सुरुवात केली. मग ते इतर शहरांत पसरलं. १९१२ मध्ये मिळालेला रविवार एका व्यापारी कराराने परत घेतला. धर्मगुरूंचे अर्ज आले नाहीत, सिनेटचा अहवाल निघाला नाही. रविवारी गाडी घेऊन निघाले ते प्रामुख्याने कायम नसलेले, कमी पगाराचे, नव्याने लागलेले पोस्टमन.

मला या सगळ्यात हेच खटकतं. शनिवारच्या पत्रांवर संसदेत साठ वर्षं चर्चा होते आणि रविवारच्या पार्सलावर एक दिवसही नाही. कारण पत्र हा सरकारचा खर्च वाटतो आणि पार्सल ही आपली सोय वाटते. पण दोन्ही उचलून दारापर्यंत आणणारा माणूस एकच असतो.

मग शनिवारी टपाल हवं का? माझं उत्तर हो असं आहे. मला स्वतःला लागतं म्हणून नव्हे. माझं शनिवारचं टपाल बहुतांशी थेट रद्दीत जातं. पण टपाल खातं सरासरी घरासाठी नसतं. डोंगरातल्या एकाकी घराला पत्र पोचवायला ते तेवढंच तिकीट मागतं, जेवढं शहरातल्या इमारतीला. खासगी कुरियर कंपन्या अशा पत्त्यांना जादा आकार लावतात. ज्याच्याकडे नेट चांगलं, बँक फोनवर आणि औषधाचं दुकान कोपऱ्यावर, त्याने शनिवार सोडायला तयार होणं सोपं आहे. त्याचं मत मोजताना, ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्याचं मतही तितक्याच गांभीर्याने विचारायला हवं. डेन्मार्कच्या सरकारी टपाल कंपनीने २०२५ च्या अखेरीस पत्रं वाटणं चारशे वर्षांनी पूर्ण थांबवलं. ब्रिटनने त्याच वर्षी दुसऱ्या वर्गाच्या पत्रांचा शनिवार काढून घेतला. प्रत्येक देश आपापला हिशोब मांडतो आहे, आणि बऱ्याच हिशोबांत वाट बघणारा माणूस तळटीपेत जातो.

पण 'हो' म्हणताना एक अटही घालावी लागते. शनिवारचं टपाल हवं असेल तर त्याची किंमत तिकिटातून किंवा तिजोरीतून उघडपणे द्यायला हवी. ती पोस्टमनच्या सुटीच्या दिवसातून वळती करून घेऊ नये. गाडी सातही दिवस धावू शकते. माणसाला मात्र एक ठरलेला दिवस लागतो, आणि तो आधी कळावाही लागतो.

भारतात पोस्टमन अजून शनिवारी येतो आणि रविवारी त्याला सुटी असते. रविवारी आपल्या दारात जे येतात ते वेगळ्या रंगांचे टी-शर्ट घातलेले, पाठीवर चौकोनी पिशव्या घेतलेले असतात. त्यांना कोणत्या दिवशी सुटी असते, हे लोखंड्यांच्या शहरातही फार थोड्यांना सांगता येईल. पुढच्या रविवारी बेल वाजली, तर ओटीपी सांगून झाल्यावर तेवढं विचारून बघा.