न दिसणारी बाजू : एका एकपात्री प्रयोगाचा इतिहास

चंद्र पृथ्वीला आपली एकच बाजू दाखवतो. त्याची दुसरी बाजू माणसाला प्रथम दिसली ती ऑक्टोबर १९५९ मध्ये, ‘लूना-३’ या सोव्हिएत यानाने घेतलेल्या छायाचित्रांतून. त्यानंतर चार दशकांनी, २००० साली, कॅनडातील क्वेबेक शहरात रोबेर लपाज यांनी ‘चंद्राची अदृश्य बाजू’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे फ्रेंच नाटक रंगभूमीवर आणले. लेखन, दिग्दर्शन आणि सर्व भूमिका त्यांच्याच होत्या.

लपाज यांना एकपात्री प्रयोग नवा नव्हता. १९८६ मधील ‘विंची’ आणि १९९१ मधील ‘सुया आणि अफू’ या त्यांच्या प्रयोगांतूनही एकाकी माणूस दूरच्या इतिहासात स्वतःचे प्रतिबिंब शोधत होता. या नाटकात तो इतिहास अंतराळस्पर्धेचा आहे. आईच्या मृत्यूनंतर दोन भाऊ मागे उरतात. फिलिप हा अपयशी संशोधक. अंतराळस्पर्धेमागे मानवाची आत्ममग्नता होती, असे त्याचे प्रतिपादन. आंद्रे दूरचित्रवाणीवर हवामान सांगणारा, व्यवहारात यशस्वी. दोघांना बांधणारा धागा आईबरोबरच तुटला आहे.

या कथेसाठी भव्य यानाची गरज पडत नाही. धुलाईयंत्राचे गोल काचेचे दार हीच यानाची खिडकी होते. अंतराळवीराची छोटी बाहुली शब्दांविना तरंगते आणि लॉरी अँडरसन यांचे संगीत तिच्याभोवतीची पोकळी जाणवून देते. घरातील वस्तू आणि अथांग अवकाश यांतील अंतर एवढे कमी झाले, की एकटेपणासाठी पृथ्वी सोडावी लागत नाही, हे प्रेक्षकाला सांगावे लागत नाही.

फिलिपचा आदर्श अलेक्सेई लिओनोव्ह. १८ मार्च १९६५ रोजी यानाबाहेर पडून अवकाशात तरंगणारा हा पहिला मानव सुमारे १२ मिनिटे केवळ एका दोराने यानाशी जोडलेला होता. याच लिओनोव्ह यांनी जुलै १९७५ मध्ये सोयूझ व अपोलो ही याने जोडली गेली तेव्हा अमेरिकन अंतराळवीर टॉमस स्टॅफर्ड यांच्याशी हस्तांदोलन केले. दोन प्रतिस्पर्धी महासत्तांना जे साधले, ते या दोन भावांना रंगमंचावर साधणे शक्य नाही. कारण दोघांचा देह एकाच नटाचा आहे. म्हणून त्यांचा समेट होतो तोही दूरध्वनीवरच.

या नाटकाचे खरे मर्म येथे आहे. मराठी रसिकाला परिचित असलेला एकपात्री प्रयोग बहुधा गर्दी उभी करतो. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ मध्ये एकच नट अवघे वऱ्हाड जिवंत करीत असे. लपाज यांच्या प्रयोगात तीच मर्यादा विरहाचे रूप घेते. एक भाऊ अवतरला की दुसरा लोपतो, जणू चंद्राच्या दोन बाजू. २००३ साली लपाज यांनी याच नाटकावर चित्रपट काढला. दोन भावांना एका चौकटीत आणणे कॅमेऱ्याला सहज शक्य असते. रंगभूमीला ते शक्य नसते, आणि तेच तिचे सामर्थ्य ठरते.

अखेरीस जमिनीवर लोळणारा फिलिप मागच्या तिरप्या आरशात भाररहित तरंगताना दिसतो. प्रेक्षकाला पडलेला माणूस आणि उडणारा माणूस एकाच वेळी दिसतात. ज्या दोन बाजू कथेत कधी समोरासमोर आल्या नाहीत, त्या क्षणभर त्याच्या दृष्टीत एकत्र येतात.