हिस्सा आणि ठरीव आकार : बोल्टन-वॉट यांच्या मोबदल्याचा इतिहास

एकाच्या ज्ञानामुळे दुसऱ्याचा फायदा होत असेल, तर ज्ञान पुरविणाऱ्याने त्या फायद्यातच हिस्सा घ्यावा, आगाऊ आकार मागू नये, हे सकृद्दर्शनी न्याय्य वाटते. हा न्याय व्यवहारात का टिकत नाही, ह्याचे उत्तर इंग्लंडमधील बोल्टन आणि वॉट ह्यांच्या पेढीच्या इतिहासात मिळते.

जेम्स वॉट ह्यास स्वतंत्र संघनकाबद्दल 1769 मध्ये एकस्व मिळाले. 1775 मध्ये पार्लमेंटने त्याची मुदत 1800 पर्यंत वाढविली. त्याच वर्षी बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन ह्याच्याशी त्याची भागीदारी सुरू झाली. आरंभी ही पेढी संपूर्ण एंजिने विकत नसे. सिलिंडर बहुधा जॉन विल्किन्सनच्या कारखान्यातून येत. सामान व मजुरी ह्यांचा खर्च खाणमालक सोशीत. पेढी आराखडे, झडपांसारखे नाजूक भाग आणि उभारणीवरील देखरेख पुरवी. तिचा खरा माल ज्ञान हाच होता.

मोबदला पुढीलप्रमाणे ठरे : तेवढ्याच कामास न्यूकोमेनच्या धर्तीच्या जुन्या एंजिनाला जो कोळसा लागला असता, त्याच्या तुलनेने झालेल्या बचतीचा एक तृतीयांश. कॉर्नवॉलच्या तांब्याच्या व कथिलाच्या खाणींना कोळसा समुद्रमार्गे आणावा लागे. त्यामुळे तेथे ही बचत मोठी होती.

परंतु ह्या हिशेबाचा सारा पाया ‘लागला असता’ ह्या संकेतार्थी क्रियापदावर होता. एंजिनाचे फेरे मोजण्यासाठी पेढीने कुलूपबंद गणकयंत्रे बसविली; त्यांनी फेरे मोजले, पण न जळलेला कोळसा कोणास दिसणार? शिवाय बचत म्हणजे नफा नव्हे. अँगल्सी बेटावरील तांब्यामुळे भाव उतरले, तेव्हा तोट्यातील खाणीसही बचतीचा हिस्सा देणे भाग होते. जुने एंजिन विस्मृतीत गेल्यावर तर हा हिस्सा कर वाटू लागला. काही खाणींनी त्याऐवजी ठरीव वार्षिक रक्कम पत्करली. 1790 नंतरच्या दशकात अनेकांनी देणेच थांबविले. पेढीस न्यायालयात जावे लागले आणि एकस्वाची वैधता 1799 मध्ये, म्हणजे मुदत संपण्याच्या आदल्या वर्षी, निर्विवाद झाली.

गिरण्यांसाठी चक्रगतीची एंजिने निघाली, तेव्हा तुलनेचा आधारच नाहीसा झाला, कारण तेथे पूर्वी घोडे राबत होते. म्हणून वॉटने घोड्याच्या कामाचे माप बांधले : मिनिटास 33,000 पौंड वजन एक फूट उचलणे. ह्या मापाने वार्षिक आकार दर अश्वशक्तीस 5 पौंड, लंडनमध्ये 6 पौंड, असा ठरला. आज शास्त्रीय वाटणारी ‘अश्वशक्ती’ ही संज्ञा अशा रीतीने मोबदल्याच्या वाटाघाटीत रूढ झाली. 1796 मध्ये सोहो येथे पेढीची स्वतःची ओतशाळा उघडली. 1800 नंतर एकस्व उरले नाही, आणि पेढी एंजिने बांधून सरळ किमतीस विकू लागली.

ठरीव आकारामागे केवळ लोभ असतो, हे मत म्हणून अपुरे ठरते. हिस्सा मागणाऱ्यास दुसऱ्याच्या घरचा हिशेब तपासावा लागतो. तो हिशेब उभयतांस मान्य होईल अशा मापाने करता आला नाही, तर वाटणीची परिणती वादात होते. ठरीव आकाराने हा वाद बराचसा टळतो. तथापि त्याचीही किंमत आहे : फायदा न झाल्यास तोट्याचा भार ग्राहकावर एकट्यावर पडतो. मोबदल्याच्या कोणत्याही पद्धतीचा विचार करताना हा भार कोणी उचलला, हे पाहिलेच पाहिजे.