कुलूपबंद कपाटांपासून मुक्त फडताळांपर्यंत : डॉ. रंगनाथन यांची ग्रंथसेवा

इ. स. १९२४ च्या जानेवारी महिन्यात मद्रास विद्यापीठाने आपला पहिला ग्रंथपाल नेमला. निवड झाली ती गणिताच्या एका तरुण प्राध्यापकाची. शियाळी रामामृत रंगनाथन तेव्हा एकतीस वर्षांचे होते. मंगळूर, कोइमतूर आणि नंतर मद्रासचे प्रेसिडेन्सी महाविद्यालय अशा ठिकाणी त्यांनी सुमारे सात वर्षे अध्यापन केले होते. ग्रंथालयशास्त्राचा त्यांना गंधही नव्हता. नव्या पदाचे वेतन प्राध्यापकाच्या वेतनापेक्षा बरे होते, आणि हेच ते पद स्वीकारण्यामागचे एक सरळ कारण होते.

वर्गात बोलण्याची सवय असलेल्या या माणसाला ग्रंथालयातील निःशब्दता सोसवेना. आठवडाभरातच ते प्रेसिडेन्सीच्या प्राचार्यांकडे गेले आणि आपल्याला पुन्हा गणित शिकवू द्यावे, अशी त्यांनी गळ घातली. अखेर तडजोड निघाली : रंगनाथन यांनी लंडनला जाऊन ग्रंथालयशास्त्राचा अभ्यास करावा, आणि परतल्यावरही मन रमले नाही तर खुशाल गणिताकडे जावे. भारतातील ग्रंथालयशास्त्राचा पाया अशा प्रकारे एका शिक्षकाच्या नाराजीतून घातला गेला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांना डब्ल्यू. सी. बेरविक सेयर्स हे गुरू लाभले. सेयर्स स्वतः क्रॉयडन येथील सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख होते. त्यामुळे व्याख्यानांइतकेच प्रत्यक्ष काम पाहणेही शिक्षणाचा भाग ठरले. इंग्लंडमधील अनेक ग्रंथालये रंगनाथन यांनी हिंडून पाहिली. तेथे कामगार, गृहिणी आणि शाळकरी मुले फडताळांपाशी उभी राहून स्वतः पुस्तके काढून चाळताना त्यांना दिसली. मद्रासमध्ये जे केवळ विद्वानांचे दालन मानले जात होते, ते येथे गावाच्या पाणवठ्यासारखे सर्वांचे होते. या दर्शनानंतर गणिताच्या वर्गाची ओढ मागे पडली. जुलै १९२५ मध्ये ते परतले ते ग्रंथपाल म्हणूनच.

याच मुक्कामात सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. भोके पाडलेल्या पट्ट्या, चाके आणि स्क्रू एवढ्याच सामग्रीतून मुले कधी पूल, कधी गाडी, कधी यारी उभी करीत. ग्रंथांच्या वर्गीकरणाचे जे कोडे त्यांना छळत होते, त्याची किल्ली त्यांना या खेळण्यात सापडली. मेल्विल ड्युई यांच्या १८७६ च्या दशांश पद्धतीत विषयांचे कप्पे आधीच आखलेले असतात आणि नवा ग्रंथ त्यांपैकी एकात बसवावा लागतो. परंतु भारतातील भातपिकावर पडणाऱ्या रोगांवर विसाव्या शतकात केलेल्या उपायांविषयीचा ग्रंथ नेमका कोणत्या कप्प्यात घालावा? शेतीच्या, रोगाच्या की देशाच्या? रंगनाथन यांनी तयार कप्पे नाकारले. विषयाचे घटक सुटे करावेत आणि द्विबिंदूच्या चिन्हाने ते हवे तसे जोडावेत, असा त्यांनी मार्ग काढला. परतीच्या प्रवासात बोटीवरील ग्रंथसंग्रहावर त्यांनी या कल्पनेचा प्रयोगही करून पाहिला. १९३३ मध्ये 'द्विबिंदू वर्गीकरण' पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल आणि काल हे पाच मूलभूत पदार्थ पुढे त्यातूनच आकाराला आले.

तथापि रंगनाथन यांचे थोरपण केवळ वर्गीकरणात शोधणे अपुरे ठरेल. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेला 'ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम' हा त्यांचा ग्रंथ अधिक मूलगामी आहे. ग्रंथ जपून ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी असतात, हा त्यातील पहिला नियम आज कोणालाही साधा वाटेल. तो नियम नेमक्या शब्दांत सुचला तो त्यांचे गणिताचे गुरू एडवर्ड रॉस यांना, असे रंगनाथन यांनीच कृतज्ञतेने नोंदविले आहे. मध्ययुगीन युरोपात ग्रंथ साखळदंडांनी फळीला जखडून ठेवीत; त्याच इतिहासापासून त्यांनी या नियमाचे विवेचन आरंभिले. आपल्याकडे साखळ्या नव्हत्या, पण कुलपे होती. हिशेबतपासनिसाच्या लेखी पुस्तक म्हणजे दाखल नोंदवहीतील मालमत्ता. ते हरवले की जाब विचारला जाई. वर्षभर एकाही वाचकाच्या हाती पडले नाही तर मात्र कोणी अवाक्षरही काढीत नसे. शाळाशाळांतून काचेच्या कपाटाबाहेर उभे राहून पुस्तकांच्या नुसत्या पाठी वाचणारी मुले अनेक पिढ्यांनी पाहिली आहेत. रंगनाथन यांनी मद्रास विद्यापीठात फडताळे वाचकांसाठी मोकळी केली. काही पुस्तके जातील, हे त्यांनी गृहीत धरले होते.

उरलेल्या नियमांत प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, अशी दुहेरी मागणी आहे. वाचकाचा वेळ वाया जाऊ नये आणि ग्रंथालय हे सतत वाढणाऱ्या सजीवासारखे असते याचा विसर पडू नये, ही त्यांची पुढची अपेक्षा. पैकी दुसरा नियम लिहून थांबणे त्यांच्या स्वभावात नव्हते. प्रत्येक वाचकात निरक्षर शेतकरीही आलाच. ऑक्टोबर १९३१ मध्ये मन्नारगुडी परिसरातील खेड्यांसाठी कनकसबाई पिळ्ळै यांच्या पुढाकाराने बैलगाडीतून फिरते ग्रंथालय सुरू झाले. ज्यांना वाचता येत नसे, त्यांच्यासाठी पुस्तके मोठ्याने वाचून दाखविली जात. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास ग्रंथालय संघाच्या छत्राखाली हे घडत होते आणि रंगनाथन त्या संघाचे चिटणीस होते.

त्यांच्यातील शिक्षक सर्वांत स्पष्ट दिसतो तो संदर्भसेवेच्या विचारात. ग्रंथालयात प्रथमच येणाऱ्याला 'दीक्षा' द्यावी, असा शब्द ते वापरीत. तालिका कशी पाहावी, ग्रंथाची अनुक्रमणिका व सूची यांचा उपयोग कसा करावा, कोशात शब्द कसा शोधावा, हे नवागताला प्रेमाने शिकवावे. त्यानंतर तात्काळ उत्तर देता येण्याजोगे प्रश्न वेगळे आणि दीर्घ शोध मागणारे वेगळे. दुसऱ्या प्रकारात ग्रंथपालाने वाचकाच्या बरोबरीने शोधास बसावे. १९४२ मध्ये शालेय व महाविद्यालयीन ग्रंथालयांवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मुलाला उत्तर देण्यापेक्षा उत्तर शोधण्याची वाट दाखविणे श्रेष्ठ, ही त्यांची धारणा होती. 'माहिती साक्षरता' हा शब्दप्रयोग अमेरिकेत पॉल झुरकोवस्की यांनी १९७४ मध्ये प्रथम केला. तोवर रंगनाथन यांच्या निधनाला दोन वर्षे झाली होती. आज भ्रमणध्वनीवर क्षणात उत्तर मिळते, पण ते कोणी, कशाच्या आधारे दिले हे तपासण्याची सवय मुलांना लावताना शिक्षकांची दमछाक होते. ती दमछाक पाहिली की 'दीक्षा' या शब्दाची निवड किती अचूक होती हे कळते.

त्यांचा पुढील जीवनक्रम थोडक्यात असा. १९४५ मध्ये डॉ. राधाकृष्णन यांच्या निमंत्रणावरून ते बनारस हिंदू विद्यापीठात गेले आणि तेथील सुमारे एक लाख ग्रंथांचे वर्गीकरण व तालिकीकरण त्यांनी जवळजवळ एकहाती केले. १९४७ पासून ते दिल्ली विद्यापीठात होते. १९६२ मध्ये बंगळूर येथे प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र त्यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झाले आणि १९६५ मध्ये भारत सरकारने त्यांना राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक केले. मद्रास विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन स्थापन व्हावे म्हणून त्यांनी आपल्या बचतीतून एक लाख रुपये दिले. त्या अध्यासनास पत्नी शारदा यांचे नाव आहे.

सर्वच प्रयत्नांना यश आले असे नाही. १९४८ च्या मद्रास सार्वजनिक ग्रंथालय कायद्यात त्यांच्या आग्रहाने ग्रंथालय उपकराची तरतूद झाली. त्यापूर्वीच १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने ग्रंथालयांचा कायदा करून देशात पहिला मान मिळविला होता. महाराष्ट्राचा कायदा १९६७ मध्ये आला, मात्र त्यात उपकर नाही. मराठी गावोगावची वाचनालये आजही शासकीय अनुदानाच्या हप्त्याची वाट पाहत असतात. द्विबिंदू पद्धतीचे नशीबही विचित्र. देशभरातील ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी ती परीक्षेसाठी शिकतात आणि नोकरीला लागल्यावर बहुतेक ठिकाणी ड्युईंचेच क्रमांक पुस्तकांच्या पाठीवर चिकटवतात. उलट, घरबसल्या संगणकावर साडी निवडताना रंग, पोत, किंमत आणि प्रांत अशा एकेका अंगाने यादी गाळत जाणाऱ्या गृहिणीला आपण रंगनाथन यांच्याच विचाराच्या वाटेने चाललो आहोत याची कल्पना नसते.

२७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले. १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस देशभर ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी अनेक शाळांत त्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो आणि ग्रंथालयाचे प्रदर्शन मांडले जाते. कपाटांची कुलपे त्या एका दिवसापुरती उघडलेली असतात.